‘मॉर्गेज’ या शब्दात मरण नेमके कुणाचे?

प्रश्न
*दस्तलेखनाचे काम करणारी, सेलू (जि. परभणी)*

सर्वांना नमस्कार. मी सेलूत एका दस्तलेखकांकडे सहा वर्षांपासून टंकलेखन करते. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, गहाणखत असे दस्त रोज हाताखालून जात असल्यामुळे त्यांतले शब्द आपल्याला कळतात असे मी धरून चालले होते. मागच्या गुरुवारी तसे नाही हे लक्षात आले.

विहिरीचे खोलीकरण आणि पाइपलाइन यांसाठी कर्ज घेणारे एक वयस्कर शेतकरी सहीसाठी आले होते. बँकेकडून आलेल्या मसुद्यावर ‘मॉर्गेज डीड’ असे शीर्षक होते आणि त्याखाली मी ‘गहाणखत’ असे टाइप केले होते. सोबतच्या नातवाने मोबाइलवर पाहिलेल्या एका चित्रफितीतले ऐकून आजोबांना सांगितले की मॉर्गेज हा मूळचा फ्रेंच शब्द आहे, त्यातल्या ‘मॉर्ट’चा अर्थ मरण आणि ‘गेज’चा अर्थ वचन, म्हणून मरेपर्यंत जे फिटत नाही ते मॉर्गेज. आजोबांनी हातातले पेन टेबलावर ठेवले, चष्मा काढून खिशात घातला आणि मला विचारले, “बाई, ह्यात मरण कुणाचं लिवलंय? माझं का वावराचं?”

हे नेहमीचेच गहाणखत आहे, असे मी त्यांना सांगितले. पण त्यांचा प्रश्न शब्दाविषयी होता आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते सही न करता गेले आणि सोमवारी येतो म्हणाले. तोपर्यंत मला नीट समजून घ्यायचे आहे. हा शब्द खरोखर फ्रेंच आहे का? त्यात ‘मरण’ असेल तर ते कर्ज घेणाऱ्याचे की जमिनीचे? आणि आपल्या ‘गहाण’ या शब्दात तसे काही दडलेले आहे का? मला घाईचे उत्तर नको, खरे उत्तर हवे आहे.

उत्तर १
*निवृत्त प्राध्यापक (इंग्रजी), लातूर*

ताई, त्या मुलाने ऐकलेले अर्धे बरोबर आहे. शब्द मूळचा जुन्या फ्रेंचमधला आहे आणि तो एक नसून दोन शब्दांची जोडी आहे. आजच्या फ्रेंच उच्चाराप्रमाणे ती ‘मॉर गाज’ अशी म्हणता येईल. ‘गाज’ म्हणजे तारण, हमी म्हणून दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू. चूक झाली आहे ती ‘मॉर’ या शब्दाच्या बाबतीत. फ्रेंचमध्ये ‘मॉर’ हे नाम म्हणूनही येते, तेव्हा त्याचा अर्थ मृत्यू. आणि विशेषण म्हणूनही येते, तेव्हा त्याचा अर्थ मृत. या जोडीत ते विशेषण आहे आणि ते ‘गाज’ला लागले आहे. म्हणजे अर्थ झाला ‘मृत तारण’. मृत्यूपर्यंतचे वचन असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. मरण माणसाचे नाही, तारणाचे आहे.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला एक हक्काचा शब्द आहे, तो म्हणजे ‘मृतसाठा’. जायकवाडीच्या एकूण २९०९ दशलक्ष घनमीटर साठ्यापैकी ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा आहे, हे आपण दर उन्हाळ्यात वाचतो. त्या पाण्यात कुणी मेलेले नसते आणि ते पाणी नाहीसेही झालेले नसते. ते असते, पण नेहमीच्या दारांतून कालव्यात उतरत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले पाहिलेल्या आम्हा लातूरकरांना तर ‘मृत’ हा शब्द पाण्याला कसा लागतो हे समजावून सांगावे लागत नाही. कायद्याच्या आणि व्यवहाराच्या भाषेत ‘मृत’ म्हणजे ज्याचा परिणाम थांबला आहे, जे असूनही काम करीत नाही ते.

आता तारण मृत का म्हणायचे, याचे एक जुने स्पष्टीकरण इंग्रज न्यायाधीश थॉमस लिटलटन यांनी दिले आहे. त्यांचे निधन १४८१ साली झाले. जमिनीच्या हक्कांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ इंग्लंडच्या न्यायालयीन फ्रेंचमध्ये आहे, आणि १६२८ साली एडवर्ड कोक यांनी त्याचे इंग्रजी रूप आपल्या भाष्यासह छापल्यामुळे ते स्पष्टीकरण सर्वत्र गेले. त्याचा आशय असा की ठरलेल्या दिवशी ऋणको पैसे देईल की नाही हे अनिश्चित असते. त्याने दिले नाहीत, तर जमीन त्याच्या हातून कायमची जाते, म्हणजे त्याच्यापुरती ती मेली. आणि दिले, तर धनकोच्या हातातले तारण त्याच्यापुरते मेले. दोहोंपैकी एकाच्या बाबतीत ते मरणारच, म्हणून ‘मृत तारण’.

‘गाज’ या शब्दाचा गोतावळाही मोठा आहे. त्याचे मूळ जर्मानिक भाषांत असून तिथे तो ‘व’ने सुरू होत असे. मध्य फ्रान्सच्या बोलीत त्या ‘व’चा ‘ग’ झाला. नॉर्मंडीच्या बोलीत ‘व’ टिकला. इंग्रजीने दोन्हीकडून शब्द घेतल्यामुळे तिच्यात एकाच शब्दाच्या दोन-दोन आवृत्त्या सापडतात. आपण दुकानात पंखा घेताना ‘वॉरंटी आहे की गॅरंटी’ असे विचारतो, ते मुळात एकच शब्द आहेत. त्याच न्यायाने ‘गाज’चे दुसरे रूप ‘वेज’, म्हणजे मजुरी: काम करवून घेणाऱ्याने देण्याची जी हमी घेतली ती. ‘एंगेजमेंट’मध्ये हाच ‘गाज’ आहे, आणि इंग्रजी ‘वेडिंग’ त्याच जर्मानिक मुळावरून आलेल्या, तारण या अर्थाच्या जुन्या शब्दापासून बनले आहे. म्हणजे ज्या शब्दाला तुमचे शेतकरी घाबरले, त्याचा अर्धा भाग साखरपुड्यात आणि लग्नातही आहे. त्यांना हे जरूर सांगा.

राहिला प्रश्न, इंग्रजांच्या कायद्यात फ्रेंच कुठून आली याचा. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे राजदरबार व न्यायालये यांच्या तोंडी फ्रेंच बसली. पक्षकाराला न कळणाऱ्या भाषेत त्याच्या जमिनीचा निकाल लागे. १३६२ साली एक कायदा झाला की लोकांना फ्रेंच समजत नाही, म्हणून युक्तिवाद इंग्रजीत करावेत. आणि तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. कायद्याच्या पुस्तकांतून फ्रेंच त्यानंतरही शतकानुशतके हलली नाही. न्यायालयाचे सर्व कामकाज इंग्रजीतच व्हावे असा कायदा १७३१ साली संमत झाला आणि तो १७३३ पासून लागू झाला. तोवर हे शब्द इंग्रजीच्या हाडामांसात मुरले होते.

विशेष असे की खुद्द फ्रान्समध्ये आज गहाणाला ‘मॉर गाज’ कुणी म्हणत नाही. तिथला शब्द आहे ‘इपोतेक’. तो ग्रीकमधून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘खाली ठेवलेले’. हा शब्द तुमच्या शेतकऱ्यांनी कदाचित पाहिलेला असेल, कारण कर्जावर घेतलेल्या ट्रॅक्टरच्या आर. सी. बुकावर जे ‘हायपोथिकेशन’ लिहिलेले असते ते त्याचेच भावंड. त्यात मरण नाही, म्हणून त्याला कुणी घाबरत नाही. काम मात्र दोघांचे सारखेच.

उत्तर २
*गटसचिव, वसमत (जि. हिंगोली)*

सरांच्या विवेचनात भर घालण्याइतके माझे वाचन नाही, परंतु शब्द चुकीचा फोडल्याने काय होते त्याचे एक उदाहरण आमच्या कामातले आहे. सोसायटीचे पीककर्ज घेताना सभासद जमिनीवर बोजा ठेवण्याबाबत जे लिहून देतो त्याला ‘इकरार’ म्हणतात आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात होते. शब्द अरबीतून आलेला आहे आणि त्याचा अर्थ कबुली. हल्ली तो ‘ई-करार’ असा लिहिला जातो आणि संगणकावरचा करार म्हणून त्याला ‘ई’ लागला, असे नवी मुले समजतात. संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या दप्तरात इकरार आहेत.

उत्तर ३
*वकील, अंबाजोगाई (जि. बीड)*

प्राध्यापक महोदयांनी व्याकरण अचूक सांगितले आहे. विशेषणाचा मुद्दा तर इतका नेमका आहे की त्यानंतर ‘मरेपर्यंतचे वचन’ हा अर्थ उभाच राहत नाही. तथापि लिटलटन यांचे स्पष्टीकरण हे या शब्दाचे मूळ आहे, असे मला वाटत नाही. शब्द त्यांच्यापूर्वी जवळजवळ तीनशे वर्षे वापरात होता आणि तेव्हा ‘मृत’ म्हणण्याचे कारण निराळे होते. ते कारण आपल्या भागाला अधिक जवळचे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या काळात, साधारण ११८७ ते ११८९ च्या दरम्यान, लॅटिनमध्ये कायद्याचा एक ग्रंथ तयार झाला. तो राजाचे मुख्य न्यायाधिकारी रॅनुल्फ द ग्लॅनव्हिल यांच्या नावाने ओळखला जातो. त्या काळी तारण म्हणून दिलेली जमीन धनकोच्या ताब्यात जात असे आणि तिचे उत्पन्न तोच घेत असे. अशा वेळी विचारण्यासारखा प्रश्न एकच असतो: ते उत्पन्न कर्जात वळते होणार की नाही? वळते होत असेल तर जमीन ऋणकोच्या बाजूने काम करीत आहे, दरवर्षी थोडे थोडे कर्ज फेडीत आहे. अशा तारणाला ‘जिवंत तारण’, फ्रेंचमध्ये ‘व्हिफ गाज’ हे नाव मिळाले. आणि उत्पन्न धनकोने खायचे, पण कर्ज एका पैशानेही कमी व्हायचे नाही, असे ठरले असेल तर ते ‘मृत तारण’. ग्लॅनव्हिलच्या ग्रंथात मृत तारणाची हीच व्याख्या आहे.

आकड्यांत पाहू. एक लाख रुपयांवर चार एकर जमीन ताब्यात दिली आणि खर्च वजा जाता वर्षाला वीस हजार निघाले. व्याजाचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तर जिवंत तारणात पाच वर्षांनी जमीन मोकळी होऊन परत येते. मृत तारणात पाच वर्षांनी धनकोच्या घरात एक लाखाचे धान्य गेलेले असते आणि ऋणकोच्या डोक्यावर एक लाख जसेच्या तसे उभे असतात. दहा वर्षांनीही तेच. जमीन पिकते, पण मालकासाठी मेलेली असते.

हा व्यवहार अन्यायाचा आहे हे त्या काळीही लोकांना कळत होते. चर्च त्याला व्याजखोरी मानत असे, आणि व्याज घेणे हे त्यांच्या दृष्टीने पाप होते. ग्लॅनव्हिलचा ग्रंथ असे सांगतो की राजाचे न्यायालय मृत तारणाला बंदी करीत नाही, पण ते एक प्रकारचे व्याजच आहे, आणि असे तारण हाती असताना धनको मेला तर त्याच्या मालमत्तेचे जे होते ते व्याजखोराच्या मालमत्तेप्रमाणेच होते. कायद्याने व्यवहार चालू दिला आणि नाव मात्र असे ठेवले की त्यातला दोष नावातच दिसावा, असे मला हे वाचताना नेहमी वाटत आले आहे.

पुढे व्यवहाराची रीत बदलली, मुदतीत पैसे न दिल्यास जमीन कायमची जाण्याची पद्धत रूढ झाली आणि जुने नाव नव्या पद्धतीला चिकटून राहिले. लिटलटन यांनी आपल्या काळच्या पद्धतीवरून त्या नावाचा अर्थ लावला. तो त्यांच्या काळापुरता सयुक्तिक आहे.

उत्तर ४
*निवृत्त प्राध्यापक (इंग्रजी), लातूर*

वकीलसाहेबांचे म्हणणे मला मान्य आहे. मी वर्गात तीस वर्षे लिटलटन-कोक यांचेच स्पष्टीकरण सांगत आलो आणि ‘जिवंत तारण’ या जोडशब्दाचा विचारच केला नाही. एखाद्या नावातले विशेषण का आले हे समजण्यासाठी त्याचा विरुद्ध शब्द शोधावा लागतो, हे मी विद्यार्थ्यांना इतर शब्दांच्या बाबतीत नेहमी सांगत असे. इथे मात्र माझ्याकडून ते राहून गेले. ‘मृतसाठा’ हा शब्दही ‘उपयुक्त साठा’ असल्यामुळेच आहे.

उत्तर ५
*संस्कृत शिक्षक, उमरगा (जि. धाराशिव)*

ताईंचा तिसरा प्रश्न ‘गहाण’विषयी होता, त्याकडे अजून कुणी वळलेले नाही. ‘गहाण’ हा संस्कृत ‘ग्रहण’ या शब्दाचा मराठी अवतार आहे. घेणे, धरून ठेवणे हा त्याचा अर्थ. सूर्याला लागते ते ग्रहण आणि शेतावर असते ते गहाण, हे मुळात एकच. आपली क्रियापदेही तशीच आहेत. ग्रहण सुटते, गहाण सोडवतात. धरलेले आहे म्हणून सोडवायचे, एवढाच त्यात भाव आहे आणि मरण कुठे नाही. डाग, म्हणजे दागिने, सोडवले नाहीत तर ‘गहाण बुडाले’ असे आपण म्हणतो, तेही पाण्याचे रूपक आहे.

परंतु धर्मशास्त्रात गहाणाला ‘आधि’ हा शब्द आहे, आणि तिथे मात्र वकीलसाहेबांनी सांगितलेल्या गोष्टीशी विलक्षण मिळतेजुळते काही सापडते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात हा श्लोक आहे:

आधिः प्रणश्येद् द्विगुणे धने यदि न मोक्ष्यते ।
काले कालकृतो नश्येत् फलभोग्यो न नश्यति ॥

घेतलेले धन दुप्पट झाले तरी सोडवले नाही तर ‘आधि’ नष्ट होतो. ठरावीक मुदतीचा ‘आधि’ मुदत संपताच नष्ट होतो. पण ज्याचे फळ धनको उपभोगतो तो ‘आधि’ कधीही नष्ट होत नाही. इथे ‘नष्ट होणे’ म्हणजे वस्तूचा नाश नव्हे, तर ऋणकोचा तिच्यावरचा हक्क संपून ती धनकोची होणे. लिटलटन यांनी ‘ऋणकोपुरती ती मेली’ असे म्हटले, ते याहून वेगळे नाही. या दोन परंपरांनी एकमेकींकडून घेतले असे मला मुळीच सुचवायचे नाही. जमीन आणि कर्ज यांची गाठ जिथे पडते तिथे माणसे त्याच अडचणींना सामोरी जातात आणि त्याच क्रियापदांपर्यंत पोहोचतात, एवढेच मला दिसते.

शेवटचा चरण मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याने शेताचे फळ खाल्ले त्याला शेतच गिळता येणार नाही, असे तो चरण सांगतो. पहिल्या चरणातली दुपटीची मर्यादा तर आपल्याकडे ‘दामदुप्पट’ या नावाने खेड्यातल्या निरक्षर माणसालाही ठाऊक असते, आणि ती महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यातही शिरली आहे.

या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरांनी चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याण येथे लिहिली. ते कल्याण म्हणजे आमच्या उमरग्याहून हैदराबाद महामार्गाने गेल्यावर लागणारे आजचे बसवकल्याण. हे गाव आज कर्नाटकात असले तरी निजामाच्या राज्यात आपण एकाच मुलखात होतो. जमिनीच्या हक्कांचा इतका खोल विचार आपल्या शेजारी झाला, हे आमच्या मुलांना कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

उत्तर ६
*शेतकरी, भोकरदन (जि. जालना)*

ही चर्चा वाचून मी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात माझ्या पणजोबांचा १३५० फसलीचा, म्हणजे इसवी सन १९४०-४१ चा, निजामी स्टॅम्पावर उर्दूत लिहिलेला रहननामा, म्हणजे गहाणखत, आहे. घडीवर कागद फाटला आहे आणि खाली पणजोबांच्या अंगठ्याचा जांभळट ठसा आहे. दोन वर्षांपूर्वी जालन्याच्या एका वृद्ध मौलवींकडून मी तो वाचून घेतला आणि प्रत्येक ओळीचा अर्थ वहीत उतरवून ठेवला. पणजोबांना त्यात ‘राहिन’ म्हटले आहे आणि सावकाराला ‘मुर्तहिन’. सहा एकर जमीन दोनशे रुपये हाली सिक्क्यावर (निजामी चलनात) ‘रहन बाकब्जा’, म्हणजे ताब्यासहित गहाण दिलेली आहे.

त्यातली एक ओळ मला तेव्हा नीट कळली नव्हती. तिचा अर्थ असा की जमिनीचा मुनाफा सुदाच्या एवजी राहील. उत्पन्न व्याजाच्या बदल्यात. आज वकीलसाहेबांचे उत्तर वाचले आणि ती ओळ डोळ्यांपुढे उभी राहिली. माझे आजोबा सांगत असत की त्या शेतात पेरणी आपल्याच बैलांनी व्हायची, खुरपणीला घरच्या बायका मजुरीने जायच्या, आणि ज्वारीची कणसे खळ्यावरून सरळ सावकाराच्या वाड्यात जायची. अकरा वर्षांनी सोडवायला गेले तेव्हा देणे दोनशेच होते. एका रुपयाने कमी झालेले नव्हते. इंग्लंडातल्या त्या जुन्या ग्रंथाने ज्याला मृत तारण म्हटले ते आमच्या घरात घडले आहे. आम्हाला त्याचे नाव माहीत नव्हते.

गहाण सोडवल्याच्या पावतीवर जो शब्द आहे तोही सांगतो: ‘फक्क-उल-रहन’. मौलवींनी ‘फक्क’चा अर्थ गाठ सोडवणे, मोकळे करणे असा सांगितला. उमरग्याच्या गुरुजींनी ‘सोडवणे’ या क्रियापदाविषयी जे लिहिले आहे तेच हे. इंग्लंडात जशी फ्रेंच, तशी आपल्याकडे कागदावर उर्दू. पणजोबांना ती वाचता येत नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदलले, पण पेटीतला कागद ज्या भाषेत होता त्याच भाषेत राहिला.

उत्तर ७
*वकील, अंबाजोगाई (जि. बीड)*

भोकरदनच्या बंधूंनी तो कागद वाचून घेतला आणि जपला याबद्दल त्यांचे मनापासून आभार. त्यांच्या पणजोबांची ती ओळ आजच्या कायद्यातही आहे, हे सांगण्यासाठी पुन्हा लिहीत आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये गहाणाचे प्रकार दिले आहेत. त्यातला ताबे गहाणाचा, म्हणजे फलोपभोग गहाणाचा, जो प्रकार आहे त्यात असे म्हटले आहे की धनकोने जमिनीचे उत्पन्न व्याजाच्या बदल्यात घ्यावे, किंवा मुद्दलाच्या फेडीसाठी घ्यावे, किंवा काही व्याजापोटी आणि काही मुद्दलापोटी घ्यावे. मृत तारण आणि जिवंत तारण ही दोन्ही एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसली आहेत. फक्त ती नावे गळून गेली आहेत. कोणते निवडले हे दस्तातल्या एका ओळीवर ठरते, म्हणून ताबे गहाणाचा दस्त करताना ती ओळ मोठ्याने वाचून घ्यावी, असे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो.

गुरुजींनी दिलेला ‘फलभोग्यो न नश्यति’ हा चरण वाचून तर मी थक्क झालो. गहाण सोडवून मागण्याच्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्याने तीस वर्षांची मर्यादा घातली आहे. परंतु ताबे गहाणात ही तीस वर्षे गहाणाच्या तारखेपासून मोजायची नाहीत, आणि तीस वर्षे उलटली एवढ्यावरून धनको मालक होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ साली दिला. कर्ज उत्पन्नातून किंवा रोख फिटेपर्यंत सोडवण्याचा हक्क जिवंत असतो. त्यामागची कारणमीमांसा कायद्याच्या कलमांवर आधारलेली आहे, स्मृतीवर नाही. तरीही निष्कर्ष तोच आहे.

एका गोष्टीविषयी मात्र सावध करतो, कारण आपल्या भागात खरी जमीन जाते ती इथे. ‘मुदतखरेदी’ म्हणून जो व्यवहार होतो त्यात कागदावर खरेदीखत असते आणि ‘पैसे दिले की परत लिहून देतो’ हे तोंडी असते. निजामी दस्तांत याला ‘बै-बिल-वफा’ म्हणत. ‘बै’ म्हणजे विक्री आणि ‘वफा’ म्हणजे दिलेल्या शब्दाला जागणे. १९२९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार परत देण्याची अट विक्रीच्या त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण मानला जातो. अट वेगळ्या कागदावर किंवा नुसती तोंडी असेल, तर न्यायालयापुढे ते गहाण आहे असे म्हणता येत नाही, आणि सोडवण्याचा हक्कही उरत नाही. माझ्या कार्यालयात असे कागद घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या दस्तावर ‘मॉर्गेज’ हा शब्द असता तर त्यांचे शेत वाचले असते.

प्रश्नकर्तीचे उत्तर
*सेलू (जि. परभणी)*

प्राध्यापक सर, वकीलसाहेब, गुरुजी, गटसचिव साहेब आणि भोकरदनचे दादा, तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. रविवारी मी ही सगळी उत्तरे दोनदा वाचली आणि कागदावर मुद्दे काढले.

आजोबा सोमवारी सकाळी साडेअकराला आले. मी त्यांना आधी ‘मृतसाठ्या’चे उदाहरण सांगितले. निम्न दुधना धरणाचा मृतसाठा त्यांना माहीत होता, त्यामुळे ‘मृत’ हा शब्द माणसाला लागलेला नाही हे त्यांनी लगेच मान्य केले. मग मी जिवंत आणि मृत तारणाचा फरक सांगितला, तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी विचारले, “मंग ह्या कागदावर माझं वावर जितं हाय का मेलेलं? पीक कुणी न्यायचं?”

मी दस्ताचे चौथे कलम काढले आणि त्यांना हळूहळू वाचून दाखवले: मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा गहाण देणार यांच्याकडेच राहील आणि तिचे उत्पन्न घेण्याचा हक्क त्यांचाच राहील. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले. दुसऱ्यांदा वाचताना नातू मोबाइल खिशात ठेवून जवळ येऊन उभा राहिला. मग आजोबांनी विचारले की हप्ते थकले तर काय होईल, आणि त्याचेही जे कलम होते ते मी काही न गाळता वाचले, कारण ते ऐकण्याचा त्यांना हक्क होता. बोजा उतरवण्याचा अर्ज कुठे आणि केव्हा द्यायचा हे त्यांनी नातवाला वहीत लिहून घ्यायला लावले.

त्यानंतर त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक पानावर सही केली. ताब्याचे कलम मी आता प्रत्येक गहाणखतात, पक्षकाराने विचारले नाही तरी, सहीपूर्वी वाचून दाखवणार आहे. आमच्या दस्तलेखकांनीही त्याला होकार दिला आहे.